आईसाठी स्मार्टफोन आणि प्रीपेड प्लॅन : आधी काय ठरवावे?

कोपरीची लेक (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार. माझी आई ७१ वर्षांची आहे आणि बाबा गेल्यापासून ठाणे पूर्वेला, कोपरीतल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर एकटी राहते. मी खारघरला असते. आठवड्यातून एकदा तिच्याकडे जाणे होते, बाकीचे सगळे बोलणे फोनवरच. तिचा फोन सहा वर्षांपूर्वीचा आहे. त्याची बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही आणि गेल्या महिन्यात बँकेचे ॲप उघडताना, या फोनवर हे ॲप यापुढे चालणार नाही, असा संदेश आला.

तिचा वापर थोडा असला तरी महत्त्वाचा आहे. दूध, भाजी आणि औषधे यांचे पैसे ती यूपीआयने देते, रोज रात्री नातवाशी व्हिडिओ कॉल करते आणि दुपारी यूट्यूबवर कीर्तन ऐकते. बाबांची कुटुंब पेन्शन तिला मिळते, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. गेल्या वर्षी बँकेत तिच्या बोटांचे ठसे उमटेनात म्हणून तिला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. यंदा तो दाखला घरबसल्या, चेहरा दाखवून द्यावा असे तिच्या मनात आहे.

घरात रेंजची फार अडचण आहे. स्वयंपाकघरात तर ती मिळतच नाही. फोन वाजला की हातातले काम टाकून ती जिन्याच्या दाराशी जाते, आणि जुलैमध्ये अशीच लगबगीने जाताना ओल्या फरशीवर पाय घसरून पडली. हाड मोडले नाही, पण तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

सध्या २८ दिवसांचा, रोज दीड जीबी डेटाचा प्लॅन आहे. घरात वाय-फाय नाही. नंबर मूळचा साताऱ्याचा आहे. बाबांची बदली तिकडे असताना घेतलेला, आणि आधार, बँक, गॅस सगळे त्यालाच जोडलेले आहे. फोनसाठी पंधरा हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. कोणता फोन घ्यावा, कोणता प्लॅन घ्यावा आणि कंपनी बदलावी का, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

गोखले रोड (मंगळवार, सकाळी ७:१५)

ताई, आईंना मोठी दुखापत झाली नाही हे वाचून बरे वाटले.

आपण प्रश्न फोनपासून सुरू केला आहे, आणि दुकानात गेल्यावरही बोलणे तिथूनच सुरू होते. परंतु आपल्या वर्णनातली खरी अडचण स्वयंपाकघराची आहे. तिथे कोणत्या कंपनीची रेंज येते हे आधी पाहावे, त्या कंपनीचा परवडणारा प्लॅन त्यानंतर ठरवावा आणि फोन सर्वांत शेवटी निवडावा. हा क्रम उलटा झाला की चांगला फोन घेऊनही माणूस जिन्याच्या दाराशीच उभा राहतो.

कंपन्यांचे रेंजचे नकाशे रस्त्यावरचा अंदाज देतात, तळमजल्यावरच्या ओट्यापाशी काय मिळेल ते सांगत नाहीत. लहरींची वारंवारता जितकी जास्त, तितकी भिंतीतून आत शिरण्याची त्यांची ताकद कमी असते. आपल्याकडे फाइव्ह-जी प्रामुख्याने ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. त्यात वेग उत्तम मिळतो, पण जुन्या जाड भिंतींच्या मागे तो पट्टा लवकर क्षीण होतो. कमी वारंवारतेचे पट्टे घरात अधिक खोलवर पोहोचतात. ऑगस्ट २०२२ मध्ये संपलेल्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा एकट्या जिओने घेतला, हे खरे आहे. पण तेवढ्यावरून निर्णय घेऊ नये, कारण टॉवर कोणत्या इमारतीवर आहे आणि मध्ये काय उभे आहे, यावर शेवटी सगळे ठरते. आमच्याच सोसायटीत पुढच्या बाजूच्या घरांना एका कंपनीची रेंज मिळते आणि मागच्या बाजूच्या घरांना दुसरीची.

म्हणून असे करा. शेजाऱ्यांकडून वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन अर्ध्या तासासाठी मागून घ्या, त्यांचे वाय-फाय बंद करा आणि ओट्यापाशी, न्हाणीघराच्या दाराशी आणि पलंगाच्या उशाशी उभे राहून प्रत्येकावरून पाच-पाच मिनिटे बोला. हे एकदा सकाळी करा आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास, कारण त्या वेळी सगळी इमारत व्हिडिओ पाहत असते आणि टॉवरवर गर्दी होते. पडद्यावरच्या दांड्यांवर विसंबू नका; त्या प्रत्येक फोन आपापल्या हिशेबाने दाखवतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये फोनच्या माहितीखाली सिम स्टेटस असते, तिथे सिग्नलचा आकडा डीबीएम या एककात आणि उणे चिन्हासह दिसतो. उणे ९० च्या आसपास असेल तर निश्चिंत राहावे. उणे ११० च्या पलीकडे गेला की बोलणे तुटू लागते.

सीवूड्सचा शेजारी (मंगळवार, दुपारी १:०५)

वरील क्रमाशी पूर्ण सहमत. मी प्लॅनबद्दल लिहितो, कारण घरातल्या चार नंबरांचे रिचार्ज माझ्याकडे असल्यामुळे हा हिशेब मी नीट करून पाहिलेला आहे.

२८ ला १३ ने गुणले की ३६४ होतात, म्हणजे २८ दिवसांचा प्लॅन घेणारा माणूस वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज करतो. शिवाय त्याची तारीख दर वेळी मागे सरकत जाते, ती ज्येष्ठांच्या लक्षात राहत नाही आणि एका सकाळी फोन अचानक बंद पडलेला आढळतो. याच तक्रारीवरून जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, प्रत्येक कंपनीला पूर्ण ३० दिवसांचा किमान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एक प्लॅन ठेवणे बंधनकारक केले. दुकानदार हे प्लॅन आपणहून सांगत नाहीत, विचारावे लागते. पण आईंसाठी मी तेही सुचवणार नाही. ८४ दिवसांचा किंवा वर्षभराचा प्लॅन घ्यावा आणि त्याची तारीख आपल्या फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंदवावी.

आता डेटा. रोज दीड जीबी म्हणजे २८ दिवसांत ४२ जीबी झाले. दिवसाचा उरलेला डेटा मध्यरात्री संपतो, पुढच्या दिवशी मिळत नाही. म्हणून आईंना खरोखर किती लागतो हे आधी पाहा. सेटिंगमध्ये डेटा वापर या नावाखाली मागच्या महिन्याचा आकडा आणि कोणत्या ॲपने किती घेतला तेही दिसते. दुकानात आजकाल रोज दोन जीबीचा प्लॅन पुढे केला जातो, कारण जुलै २०२४ च्या दरवाढीपासून जिओने अमर्याद फाइव्ह-जीची सोय रोज दोन जीबी किंवा त्याहून अधिकच्या प्लॅनवर ठेवली. ज्याला अमर्याद डेटा लागतो त्याच्यासाठी ते ठीक आहे. दिवसाला एक कीर्तन आणि एक व्हिडिओ कॉल यांसाठी त्याची गरज पडू नये.

आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला की ज्यांना डेटा नको आहे त्यांच्यासाठी केवळ कॉल आणि एसएमएस देणारे प्लॅन कंपन्यांनी ठेवलेच पाहिजेत. त्याच नियमाने अशा व्हाउचरांची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. त्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये ८४ दिवसांसाठी जिओने ४४८ रुपयांचा आणि एअरटेलने ४६९ रुपयांचा प्लॅन आणला. दर बदलत असतात, म्हणून रिचार्जच्या दिवशी कंपनीच्या ॲपमध्ये पाहूनच घ्यावा. आपल्या आईंना मोबाइलवर डेटा लागतो, त्यामुळे हा प्लॅन त्यांच्या उपयोगाचा नाही. पण बटनांचा फोन वापरणाऱ्या आई-वडिलांसाठी आजही डेटाचे पैसे भरणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा. माझ्या वडिलांच्या फोनवर इंटरनेट चालतच नाही, तरीही दोन वर्षे मी त्यांच्या नंबरावर डेटाचे पैसे भरत होतो.

कोपरीची लेक (मंगळवार, रात्री १०:२०)

आज कामावरून परस्पर ठाण्याला गेले. डेटाचा आकडा पाहिला : गेल्या २८ दिवसांत १४ जीबी. म्हणजे घेतलेल्याच्या एक-तृतीयांश. त्यातला निम्म्याहून अधिक यूट्यूबचा आहे, आणि कीर्तन ती डोळे मिटून ऐकत असली तरी व्हिडिओ मात्र उच्च दर्जावर चालू होता. तो कमी करून दिला. ऐकण्यात काही फरक पडला नाही, असे ती म्हणाली.

रेंजची तपासणी शनिवारी करणार आहे. शेजारच्या काकू आणि वरच्या मजल्यावरचा एक विद्यार्थी यांनी फोन द्यायचे कबूल केले आहे.

कळवा नाका (बुधवार, सकाळी ८:३०)

मी थोडा वेगळा विचार मांडतो. कंपनी बदलण्याऐवजी घरात फायबरची जोडणी घ्यावी आणि फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करावे. आपल्याकडे ही सोय डिसेंबर २०१९ पासून आहे. साधा कॉलच वाय-फायमार्गे जातो, समोरच्याला काही वेगळे करावे लागत नाही आणि त्याचे निराळे पैसेही पडत नाहीत. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यापर्यंत रेंजची अशीच रड होती, ती यामुळे मिटली. फोन आणि कंपनी या दोघांचीही या सोयीला साथ आहे, एवढे आधी तपासून घ्यावे.

गोखले रोड (बुधवार, सकाळी ९:१०)

सूचना चांगली आहे, आणि ज्या घरात आधीपासून वाय-फाय आहे तिथे सर्वांत आधी हेच करून पाहावे. मात्र एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीसाठी केवळ त्यावर अवलंबून राहणे मला धोक्याचे वाटते. वीज गेली की राउटर बंद पडतो. पावसाळ्यात, अंधारात, आईंना फोनची गरज पडण्याचा संभव जेव्हा सर्वाधिक असेल, नेमके तेव्हाच स्वयंपाकघर पुन्हा मुके होईल. वाय-फाय असावे, पण मोबाइलची रेंज आहे त्या जागी मिळाली पाहिजे.

चेंदणी (बुधवार, रात्री ११:४५)

ताई, एक प्रश्न विचारते आणि तो विचारण्यामागचे कारणही सांगते. हा नंबर कोणाच्या नावावर आहे?

माझ्या सासऱ्यांच्या निधनानंतर त्यांचा नंबर आम्ही सासूबाईंच्या हाती तसाच ठेवला. घराच्या वीजबिलापासून बँकेपर्यंत सगळे त्या नंबराला जोडलेले होते. पुढे सासूबाई चार महिने गावी राहिल्या, फोन कपाटात राहिला आणि रिचार्जही राहून गेला. परत आल्यावर सिम चालेना. कंपनीच्या दालनात गेलो तर उत्तर मिळाले की ज्यांच्या नावावर नंबर आहे त्यांनाच घेऊन या. मृत्यूचा दाखला घेऊन दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा नंबर दुसऱ्याला दिला गेला आहे असे सांगण्यात आले. मी त्या नंबरावर फोन लावला. एका अनोळखी मुलाने तो उचलला, आणि आमच्या बँकेचे संदेश आपल्याला येतात असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. तो मुलगा भला होता म्हणून निभावले. बँक, आधार आणि गॅस या सगळीकडे नवा नंबर जोडायला आम्हाला अडीच महिने लागले.

ट्रायचा नियम असा आहे की सलग ९० दिवस प्रीपेड नंबरावर कसलाही वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये किंवा त्याहून अधिक शिल्लक असेल तर ती रक्कम कापून मुदत ३० दिवसांनी वाढवली जाते. ही सोय आम्हाला ठाऊक असती आणि खात्यात थोडी शिल्लक ठेवली असती, तर तो नंबर वाचला असता. फोन हरवला तर दुसरा आणता येतो, पण हा दहा आकडी नंबर म्हणजे आज घराची किल्ली आहे. कृपया फोनच्या आधी याचा उलगडा करून घ्या.

कोपरीची लेक (गुरुवार, सकाळी ६:५०)

चेंदणीताई, आपला प्रतिसाद रात्री वाचला आणि झोप लागली नाही. नंबर बाबांच्याच नावावर आहे. तीन वर्षांत हे आमच्या लक्षातही आले नव्हते. आता आधी नाव बदलावे की आधी कंपनी बदलावी?

गोखले रोड (गुरुवार, सकाळी ७:४०)

आधी नाव. नंबर दुसऱ्या कंपनीत नेताना, म्हणजे पोर्ट करताना, नाव तेच राहावे लागते आणि नव्या कंपनीत ओळखीची पडताळणी त्याच व्यक्तीची होते, त्यामुळे बाबांच्या नावावर असताना पोर्ट करण्याचा प्रयत्न करू नये. मालकी बदलण्याचा अर्ज प्रलंबित असतानाही पोर्टची विनंती नाकारली जाते, म्हणून दोन्ही गोष्टी एकदम सुरू करू नयेत. कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या दुकानात न जाता सध्याच्या कंपनीच्या स्वतःच्या दालनात आईंना सोबत घेऊन जा. बाबांच्या मृत्यूचा दाखला, दोघांचे नाते दाखवणारा कागद आणि आईंचे आधार सोबत ठेवा. कंपनीनिहाय एखादा कागद जास्त लागू शकतो, तो फोन करून आधीच विचारून घ्यावा, म्हणजे आईंची फेरी वाचेल.

नाव बदलले की मग पोर्ट. आईंचा नंबर साताऱ्याचा, म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा परिमंडळातला. ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण हे भाग दूरसंचाराच्या दृष्टीने मुंबई परिमंडळात येतात. जुलै २०१५ पूर्वी असा नंबर एका परिमंडळातून दुसऱ्यात नेता येत नव्हता. आता देशभर नेता येतो. पोर्ट हा शब्द इंग्रजीत, त्यापुढे जागा सोडून दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० या क्रमांकावर पाठवावा. उत्तरादाखल आठ अक्षरांचा संकेतांक येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो, आणि तेवढ्या अवधीत नव्या कंपनीकडे आधार घेऊन जावे लागते. एकाच परिमंडळात बदल असेल तर तीन कामकाजाचे दिवस लागतात, परिमंडळ बदलत असेल तर पाच. जुन्या प्लॅनचे उरलेले दिवस आणि शिल्लक पुढे जात नाही, म्हणून सध्याचा रिचार्ज संपत आलेला असताना हे करावे. जुलै २०२४ पासून आणखी एक अट आली आहे : सिम बदलून घेतले असेल तर त्यानंतर सात दिवस पोर्ट करता येत नाही.

पेन्शन जमा होण्याचे आणि औषधे आणण्याचे दिवस टाळून मधला आठवडा निवडा, आणि आईंच्या हाती हजार-दोन हजार रुपये रोख ठेवा. सिम बदलले की यूपीआयची नोंदणी नव्याने करावी लागते, त्या एक-दोन दिवसांत दूधवाल्याला पैसे कसे द्यायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे येऊ नये.

वाशीचे दुरुस्तीचे टेबल (गुरुवार, दुपारी ३:३०)

माझे वाशीत मोबाइल दुरुस्तीचे टेबल आहे आणि अठरा वर्षे मी हेच काम करत आहे. फोनबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. विक्री हा माझा व्यवसाय नाही. उघडलेल्या फोनमध्ये जे दिसते तेवढेच सांगतो.

ज्येष्ठांचे फोन माझ्याकडे मुख्यतः तीन कारणांनी येतात. पहिले कारण म्हणजे चार्जिंग होत नाही. दहापैकी सहा वेळा बिघाड काहीच नसतो. पदराला, रुमालाला किंवा पर्सच्या अस्तराला घासून चार्जिंगच्या तोंडात कापसाची बारीक गादी जमलेली असते आणि पिन शेवटपर्यंत बसत नाही. फोन बंद करून दात कोरायच्या लाकडी काडीने ती अलगद काढली की काम होते. टाचणी मात्र कधीही घालू नये. दुसरे कारण फुटलेला फोल्डर, म्हणजे काच आणि पडदा मिळून येणारा पुढचा पूर्ण भाग. तिसरे कारण भरलेली जागा. सुप्रभातची चित्रे आणि सणांचे व्हिडिओ आपोआप उतरत राहतात, जागा संपते, आणि फोन खराब झाला असे समजून लोक नवा घेतात. व्हॉट्सॲपमधले आपोआप डाउनलोड पहिल्याच दिवशी बंद करावे.

आता निवडीविषयी. आईंना फोन पाच-सहा वर्षे वापरायचा आहे, हे धरून चाला. बँकेचे ॲप बंद पडण्याचे कारण बहुधा फोनचा बिघाड नसतो; जुनी अँड्रॉइड आवृत्ती आणि थांबलेली सुरक्षा-अद्यतने हे असते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारावा की कंपनीने या मॉडेलला किती वर्षांची अद्यतने देण्याचे जाहीर केले आहे. या किमतीच्या आसपास काही फोनांना दोनच वर्षे मिळतात, आणि सॅमसंगने ए१६ फाइव्ह-जीला सहा वर्षे जाहीर केली आहेत. हा फरक पेटीवर ठळक छापलेला नसतो, पण आपल्या कामासाठी तोच सर्वांत मोठा आहे.

रॅम खरी सहा जीबी असावी. पेटीवर सहा अधिक सहा असे लिहिलेले असेल तर दुसरे सहा म्हणजे साठवणीच्या जागेतून उसने घेतलेले असतात, त्यांना रॅम समजू नये. साठवण १२८ जीबी पुरे. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलच्या आकड्याकडे आईंच्या वापरासाठी लक्ष देण्याचे कारण नाही. जीवन प्रमाणच्या, म्हणजे हयातीच्या डिजिटल दाखल्याच्या, चेहरा पडताळणीला पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि चार जीबी रॅम पुरते, आणि आज दुकानात मिळणारा बहुतेक कोणताही फोन त्यात बसतो.

पडद्याबाबत माझे मत दुकानदारांपेक्षा वेगळे आहे. ॲमोलेड पडदा सुंदर दिसतो, पण फुटला तर त्याचा फोल्डर एलसीडीच्या दुप्पट-तिप्पट किमतीचा पडतो. ज्यांच्या हातून फोन वारंवार पडतो त्यांनी एलसीडीचा विचार करावा. ॲमोलेड घेतलाच तर टफन ग्लास आणि कडा उंच असलेले जाड कव्हर त्याच दिवशी घ्यावे. वळलेल्या कडांचा फोन घेऊच नये.

घोडबंदर (गुरुवार, रात्री ९:००)

आईंना फाइव्ह-जीची गरज आहे का? फोर-जीचा फोन दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळतो, आणि वाचलेल्या पैशांत वर्षाचे रिचार्ज बऱ्याच अंशी होते. दुसरा पर्याय म्हणजे वापरलेला, पण वरच्या श्रेणीतला फोन.

वाशीचे दुरुस्तीचे टेबल (गुरुवार, रात्री १०:१५)

आज गरज नाही, हे मान्य आहे. पण सहा वर्षे वापरायचा फोन घेताना आजच्या गरजेवर थांबू नये, शिवाय अद्यतनांची लांब मुदत बहुतेक फाइव्ह-जी मॉडेलांनाच मिळते. फक्त कोणते पट्टे चालतात ते पाहावे. जिओ घ्यायचे ठरले तर एन-२८ हा पट्टा असलेला फोन घ्यावा, कारण ७०० मेगाहर्ट्झ म्हणजे तोच.

वापरलेला फोन वाईटच असतो असे नाही. पण घेण्यापूर्वी त्यावर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख-क्रमांक, काढावा आणि केवायएम ही इंग्रजी अक्षरे, त्यापुढे तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा. फोन चोरीचा म्हणून नोंदलेला असेल तर लगेच कळते. बिल नसेल तर घेऊ नये. एकट्या राहणाऱ्या व्यक्तीसाठी मात्र मी वॉरंटीचा नवा फोनच सुचवीन.

कोपरीची लेक (रविवार, सायंकाळी ६:३०)

काल दिवसभर आईकडे होते. तीन कंपन्यांचे फोन ओट्यापाशी, न्हाणीघराच्या दाराशी आणि पलंगाशी तपासले. सध्याच्या कंपनीचा आकडा ओट्यापाशी उणे ११८ होता. काकूंच्या फोनवर त्याच जागी उणे ९६, आणि रात्री नऊ वाजताही बोलणे एकदाही तुटले नाही. विद्यार्थ्याच्या फोनवर पलंगापाशी उत्तम, ओट्यापाशी अगदी नाही. म्हणजे काकूंची कंपनी. एवढ्या वर्षांत भिंतीपलीकडच्या घरात रेंज येते की नाही, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

कोपरीची लेक (साधारण चार आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:००)

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, म्हणून पुढे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

नाव बदलायला दोन फेऱ्या लागल्या. पहिल्या वेळी नात्याचा पुरावा अपुरा ठरला. दुसऱ्या वेळी आईचे पासपोर्ट नेले, त्यावर पतीचे नाव होते, ते चालले. आठ दिवसांनी नंबर तिच्या नावावर झाला. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर तिच्या नावावर किती जोडण्या आहेत ते पाहिले, तिथे हा एकच नंबर दिसला. मग पोर्ट केले. पाच दिवस सांगितले होते, चौथ्या दिवशी दुपारी जुने सिम बंद पडले आणि नवे सुरू झाले. त्या आठवड्यासाठी आईजवळ दोन हजार रुपये ठेवले होते, त्यातले चारशे खर्च झाले. यूपीआयची नोंदणी मी स्वतः तिच्याशेजारी बसून पुन्हा केली.

प्लॅन ८४ दिवसांचा घेतला, रोजचा डेटा आधीपेक्षा कमी. तारीख माझ्या आणि भावाच्या, दोघांच्या कॅलेंडरमध्ये आहे.

फोन अखेर नौपाड्यातल्या दुकानातून ए१६ फाइव्ह-जी घेतला. ठरवलेल्यापेक्षा थोडा खर्च जास्त झाला, पण सहा वर्षांचा हिशेब मनाला पटला. पेटीत चार्जर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो; इतरांनी हे ध्यानात ठेवावे. आईची एकच तक्रार आहे, की तो तिच्या बटव्यात बसत नाही. तिने जुन्या साडीच्या काठाची नवी पिशवी शिवली आहे आणि ती गळ्यात अडकवून ती घरभर वावरते. अक्षरे मोठी करून दिली आहेत. पहिल्या पडद्यावर फक्त फोन, व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि बँक ठेवले आहे. बँकेच्या नावाने कोणी फोनवर ओटीपी मागितला किंवा एखादे ॲप घ्यायला सांगितले, तर फोन ठेवून मला कळवायचे, आणि पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत-क्रमांकाला फोन करायचा, असे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले आहे.

परवा सकाळी मी फोन केला तेव्हा मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. ती ओट्यापाशीच उभी होती.

एक गोष्ट राहिली आहे. जुन्या फोनमध्ये बाबांच्या आवाजातले काही संदेश आणि फोटो आहेत. नव्या फोनमध्ये सगळे आले की नाही याची मला खात्री वाटत नाही. जुना फोन दुकानात बदल्यात देऊन हजार रुपये मिळत होते, पण मी दिला नाही.

वाशीचे दुरुस्तीचे टेबल (शनिवार, सायंकाळी ५:२०)

दिला नाहीत हे फार चांगले केले. तो बंद करू नका, त्यातले काही पुसूही नका. व्हॉट्सॲपमधले आवाजी संदेश फोटोंच्या जागी नसतात, ते वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि नुसती गॅलरी उतरवून घेतली की मागे राहतात. केबलने फोन संगणकाला जोडा, अँड्रॉइड नावाच्या फोल्डरमध्ये मीडिया आणि त्यात व्हॉट्सॲप शोधा, आणि ते फोल्डर पूर्णच्या पूर्ण उचलून दोन वेगवेगळ्या जागी ठेवा. जुन्या फोनमध्ये व्हॉट्सॲपचे फोल्डर थेट बाहेरच्या यादीतही असू शकते, तेही पाहा. दोन्ही प्रतींतले चार-पाच संदेश स्वतः ऐकून पाहा. बॅटरी फुगायला लागली असेल, म्हणजे मागचे झाकण उचललेले दिसत असेल, तर चार्जिंगला लावू नका, तसाच माझ्याकडे घेऊन या. बॅटरी बदलून आपल्यासमोरच ते संदेश काढून देतो.

कोपरीची लेक (शनिवार, सायंकाळी ५:४५)

झाकण एका बाजूने थोडे उचललेले आहे. उद्या सकाळी आईला घेऊनच वाशीला येते.